तिकीट आहे, एन्ट्री नाही?

ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी ‘मॅरेथॉनची प्रॅक्टिस करतोय’ असं जाहीर केलं, की चार जण लगेच टायमिंग विचारतात. कुणी घरी पिझ्झाचा बेस करायला शिकत असेल, तर सोमवारी डब्यातून सॅम्पल आणायची ऑर्डर सुटते. आता एकदा ‘मी पोस्टाची तिकिटं जमवते’ असं म्हणून बघा. दोन सेकंद पिनड्रॉप सायलेन्स. मग कुणीतरी म्हणणार, ‘अरे, मी पण जमवायचो... पाचवीत!’ आणि गाडी पुन्हा अप्रेझलवर.

म्हणजे फंडा क्लिअर आहे. तिकिटं जमवायची वयं दोनच. एक हाफपँटचं, दुसरं पेन्शनचं. सरकारी हिशेबही साधारण तसाच. डाक विभागाने २०१७ मध्ये ‘दीनदयाल स्पर्श’ नावाची स्कॉलरशिप सुरू केली. तिकिटांचा छंद असलेल्या मुलांना वर्षाला ६ हजार रुपये. सही आहे, पण ती सहावी ते नववीतल्या मुलांसाठी. दुसऱ्या टोकाला प्रदर्शनं, मेडल्स, ज्युरी आणि एकाच विषयावर चाळीस वर्षं काढलेले दिग्गज. या दोघांच्या मधे जी ईएमआय भरणारी, शनिवारी दुपारी सिनेमा नाहीतर मॉल एवढेच दोन ऑप्शन असलेली आपली पब्लिक आहे, तिने आत यायचं कुठून?

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, शाळेच्या वर्गात महिन्यातून एकदा जमणारा तिकीटवाल्यांचा एक ग्रुप आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या काकांना छापून आलेलं नाव आवडत नाही (फोटो मात्र फार आवडतो). दीड वर्षापूर्वी एका फीचरसाठी दोन ओळींचा कोट घ्यायला मी तिथे गेले. चौथीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले अकरा जण. सगळ्यात तरुण मेंबर अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना सगळे ‘ज्युनिअर’ म्हणत होते.

त्या दिवशी आणखी एक जण पहिल्यांदाच आला होता. आयटीवाला, तिशीच्या आतला, हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आजोबांची तिकिटं. त्याला विचारलेले प्रश्न मी नोट करून ठेवलेत. ‘मिंट की यूज्ड?’ ‘थिमॅटिक की कंट्री?’ ‘कॅटलॉग कुठला वापरता?’ बिचारा नुसता हसत होता. मग बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी डबा उघडला, चिमट्याने दहा-बारा तिकिटं उलटसुलट केली आणि झाकण लावत म्हणाले, ‘सगळं कॉमन आहे.’ त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. खरंच कॉमन होतं. एखादा डॉक्टर रिपोर्ट बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणतो तसंच ते म्हणाले. पोरगा चहा पिऊन गेला. पुढच्या महिन्यात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आता ‘कॉमन’चा जरा पंचनामा करू. त्या डब्यात सहा आण्यांचं एक तिकीट होतं, त्यावर विजापूरचा गोल घुमट. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारताने नेहमीच्या वापराच्या तिकिटांची पहिली मालिका काढली, त्यातलं. अजिंठा, कोणार्कचा घोडा, सांचीचा स्तूप अशी ती सगळी मालिका. वापरलेल्या तिकिटाला आज बाजारात वडापावचीही किंमत यायची नाही. पण आपण सीएसएमटीला उतरून बाहेर पडलो की शेजारी जे जीपीओ दिसतं, जॉन बेगने डिझाइन केलेलं, १९१३ सालचं, त्याचा घुमट याच गोल घुमटावरून घेतलाय. म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टाचं जणू मूळच एका तिकिटावर बसलंय! हे सांगायला तीस सेकंद लागतात. ती तीस सेकंदं त्या दिवशी कुणी दिली असती तर तो पोरगा तिथून थेट जीपीओ बघायला गेला असता, अशी माझी पैज आहे.

हे सगळं इतकं मनाला का लावून घ्यायचं? तर पुढच्याच महिन्यात या ग्रुपमधले एक जुने मेंबर गेले. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, घरच्यांना दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत शिफ्ट व्हायचं होतं. सात खोके. अल्बम, पाकिटं, पोस्टाचे शिक्के उमटलेली कव्हरं, सगळ्यावर बारीक अक्षरात पेन्सिलने नोंदी. मुलगा परदेशात, सुनेने ग्रुपला फोन केला, ‘रविवारपर्यंत कुणी नेणार असेल तर सांगा, नाहीतर...’ नाहीतर काय, ते तिने बोलून दाखवलं नाही, पण रद्दीवाला प्रत्येक सोसायटीत असतोच. अकरांपैकी कुणाच्याही घरी सात खोक्यांची जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या पुढच्या पिढीला ते खोके नकोच होते. शेवटी ते तीन घरांत वाटून ठेवले. त्या मीटिंगमध्ये कुणी तिकिटांवर बोललंच नाही. प्रत्येक जण आपापल्या कपाटाचा विचार करत होता.

या ग्रुपला जिने हलवलं ती एका कंपनीत एचआरला आहे. तिला तिकिटांचं वेड वगैरे काही नव्हतं. ती ‘पोस्टक्रॉसिंग’मधून आली. २००५ मध्ये पोर्तुगालमधल्या एका तरुणाने सुरू केलेला हा प्रकार. तुम्ही जगातल्या एका अनोळखी माणसाला पोस्टकार्ड पाठवायचं, मग तिसराच कुणीतरी तुम्हाला पाठवतो. हिच्याकडे शंभरेक कार्डं जमली आणि लक्षात आलं, की चित्रापेक्षा मागचं तिकीट जास्त इंटरेस्टिंग आहे. दुसऱ्याच मीटिंगमध्ये ती म्हणाली, ‘काका, आमच्याकडे नवीन माणूस जॉइन झाला की पहिल्या दिवशी त्याला काहीतरी करायला देतो. नुसतं बसवून ठेवलं तर लंचनंतर तो दुसरीकडे रेझ्युमे पाठवतो.’

आणि तिने एक बादली आणली.

बादली म्हणजे शब्दशः बादली. कोमट पाणी, टिश्यू पेपर, एक जुना टॉवेल आणि किलोवर मिळणारी, पाकिटांतून कापलेली मिक्स तिकिटं. पहिला तास फक्त भिजवायचं. प्रोसेस सोप्पी, पण त्यातही गंमत आहे. तिकिटाभोवतीचा कागद कात्रीने कापायचा, पण दंतुर कडेपासून लांब. एक दात तुटला तरी तिकीट बाद. मग पंधरा-वीस मिनिटं पाण्यात. लाल किंवा गडद रंगाच्या पाकिटावरचं तिकीट वेगळ्या वाटीत, नाहीतर रंग सुटून सगळी बादली होळी खेळते. घाई करून ओढायचं नाही. गम विरघळला की तिकीट आपोआप कागदावरून घसरतं. ते घसरतं ना, त्या क्षणी पस्तिशीच्या माणसाच्या तोंडूनही ‘ए, निघालं!’ बाहेर पडतं, हे मी स्वतः पाहिलंय. मग टिश्यूवर पालथं घालून वाळवायचं आणि जाड पुस्तकाखाली ठेवायचं. (स्टिकरसारखी चिकटणारी तिकिटं या नादात पाण्यात टाकू नका. ती आजूबाजूच्या कागदासकटच ठेवायची.)

पाण्यात हात असला की माणूस बोलतो. हा शोध धुणीभांडी करणाऱ्या समस्त महिलावर्गाला पूर्वीपासून ठाऊक होता, फिलाटेलीत उशिरा पोहोचला. चिमट्यात एक तिकीट धरून कुणीतरी विचारतं, ‘हे हेल्वेशिया कुठे आलं?’ आणि तेच काका, ‘कॉमन’वाले, खुलतात. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड. त्यांच्या चार राष्ट्रीय भाषा, मग नाव कुठल्या भाषेत लिहायचं यावर भांडण नको म्हणून सरळ लॅटिन. सुओमी म्हणजे फिनलंड. मग्यार म्हणजे हंगेरी. नॉर्गे म्हणजे नॉर्वे. आणि ज्याच्यावर देशाचं नावच नाही, नुसतं राणीचं नाहीतर राजाचं डोकं, तो ब्रिटन. १८४० मध्ये ‘पेनी ब्लॅक’ काढून तिकिटाची सुरुवातच त्यांनी केली, तेव्हा दुसरा देशच नव्हता रांगेत, नाव कशाला लिहितील? अजमान, फुजैरा अशा नावांची चकचकीत मोठ्ठी तिकिटं निघाली की जुनी मंडळी गालातल्या गालात हसतात. आखातातल्या या छोट्या अमिरातींनी साठच्या दशकात जगभरच्या मुलांच्या अल्बमसाठीच ढिगाने तिकिटं छापली. फिल्मी हिरॉइनसारखी सुंदर आणि बाजारात शून्य किंमत. पण पहिल्या दिवशी हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? कुठल्याही पब क्विझपेक्षा जास्त टाइमपास आहे.

बादलीनंतर दोन नियम आले. पहिला, चहा येईपर्यंत ‘कॉमन’ हा शब्द उच्चारायचा नाही; उच्चारला तर दहा रुपये चहाच्या डब्यात. पहिल्या मीटिंगला नव्वद रुपये जमले, त्यातले साठ बँकवाल्या काकांचे. दुसरा नियम, एका पानाचं प्रदर्शन. एरवी स्पर्धेतल्या एका फ्रेममध्ये सोळा पानं लागतात, आणि अशा कितीतरी फ्रेम्स. नवीन माणूस ते बघूनच डोकं धरतो. इथे एकच पान. तिकिटं दोन असोत वा वीस, किंमत पाच रुपये असो वा पाच हजार, पाच मिनिटं बोलायचं आणि बसायचं.

त्या एकेका पानांनी धमाल केली. रोज ठाण्याहून लोकल पकडणाऱ्या एका सीए मुलाने १९५३ चं रेल्वे शताब्दीचं तिकीट लावलं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्याचं. त्यावर तेव्हाचं आणि शंभर वर्षांनंतरचं, अशी दोन्ही इंजिनं आहेत. खाली त्याने स्वतःचा जुना फर्स्ट क्लासचा पास चिकटवला. (‘चिकटवला?!’ असा एक आर्त स्वर मागून आलाच.) एका मुलीने जिवंतपणी तिकिटावर आलेली माणसं निवडली. महर्षी धोंडो केशव कर्वे, १९५८, वयाची शंभरी पूर्ण आणि स्वतः हजर. मग थेट सचिन, २०१३, वानखेडेवरची दोनशेवी टेस्ट चालू असताना. आणि एकाने आणली वासाची तिकिटं. २००६ चं चंदनाचं, २००७ चं गुलाबाचं. अख्खा वर्ग तिकिटं नाकाला लावून बसलेला. वास अजून येतो की आपल्याला भास होतो, यावर दोन पार्ट्या पडल्या.

सगळं असं गोडगोड चाललं होतं असं समजू नका. ग्रुपमध्ये एक सर आहेत, टिपिकल अभ्यासू. भिंग, दातांचं माप घ्यायची पट्टी, सगळं खिशात. (दोन सेंटिमीटरमध्ये किती दात बसतात त्यावरून एकाच चित्राच्या दोन छपाया वेगळ्या ओळखता येतात, हे मला त्यांनीच शिकवलं.) तिसऱ्या बादलीला ते उठले. ‘ही काय बालवाडी चालवताय? मी इथे पन्नास किलोमीटरवरून येतो ते हात ओले करायला नाही.’ दोन महिने आले नाहीत.

मला विचाराल तर सर अर्धे बरोबर होते. सगळंच नवख्यांसाठी केलं तर सहा महिन्यांनी नवखा बोअर होऊन जातो, कारण त्याला पुढे जायला जिनाच नसतो. लाइफस्टाइलवाल्या आपल्या दुनियेत हा प्रॉब्लेम कॉमन आहे (दहा रुपये!). सालसाची ‘बिगिनर्स बॅच’ सगळीकडे असते, त्यानंतरचं कुणीच शिकवत नाही. एचआरवाली स्वतः सरांच्या घरी गेली. तह असा ठरला, की पहिला तास बादलीचा, दुसरा तास सरांचा. त्यात कुणी मोबाइल काढायचा नाही आणि सरांनी एकही शब्द न समजावता वापरायचा नाही.

सरांचा पहिला तास ‘सिंद डाक’वर झाला. १८५२ मध्ये सिंध प्रांतात बार्टल फ्रिअरने काढलेलं, आशियातलं पहिलं टपाल तिकीट. हे फ्रिअरसाहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. अर्ध्या आण्याचं गोल तिकीट, आधी लाल लाखेसारख्या चकतीवर उठवलेलं. ती चकती इतकी ठिसूळ, की टपालाच्या पिशवीतच तिचा चुरा व्हायचा, म्हणून आज ती फारच थोडी शिल्लक आहेत. मग १८५४ चं चार आण्यांचं दोन रंगांतलं तिकीट. काही कागद दुसऱ्या रंगाच्या छपाईला उलटे गेले आणि राणी व्हिक्टोरिया शीर्षासनात आली. या छपाईतल्या गोंधळाला आज जगातले मोठमोठे कलेक्टर सलाम ठोकतात. वर्गात पिनड्रॉप सायलेन्स होता, पण कँटीनमधला तो नव्हे. बादलीत हात घालून आलेल्या पोरांना आता कळत होतं, की तिकिटाचा कागद, गम, दात याच्याशी सर का झटापट करतात.

तरी एक मोठा घोळ उरतोच. तिकिटं येणार कुठून? पत्रं कोण लिहितं? ऑफिसच्या टपालावर मशीनचा शिक्का, कुरिअरवर बारकोड. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. शाळेत आपण बाबांच्या ऑफिसातून पाकिटं आणायचो, तो सोर्सच आटला. ग्रुपने यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात आवडला. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, एक जुना आणि एक नवा. दोघांनी एकमेकांना एक तरी पत्र टाकायचं, खरंखुरं तिकीट लावून, आणि काउंटरवर विनंती करायची की शिक्का स्वच्छ, तिकिटाच्या कोपऱ्यावर मारा. पत्रात काय लिहायचं याला नियम नाही. माझ्या जोडीला बँकवाले काका आले. त्यांचं पहिलं पत्र तीन ओळींचं होतं, त्यात ‘कळावे, लोभ असावा’ धरून. चौथं पत्र पाच पानांचं, ब्रँच मॅनेजर असताना लातूरला पडलेल्या बदलीबद्दल. त्यावर चार वेगवेगळी तिकिटं, रंगसंगती बघून लावलेली.

ज्यांना हे वाचून खाज सुटली असेल त्यांच्यासाठी थोडं प्रॅक्टिकल. पहिल्या महिन्यात अल्बमवर पैसे उडवू नका. एक छोटं स्टॉकबुक, एक चपट्या टोकांचा चिमटा आणि भिंग, बास. नवी तिकिटं मोठ्या शहरांतल्या मुख्य पोस्टातल्या फिलाटेलिक ब्युरोत छापील दरातच मिळतात. डिपॉझिट अकाउंट उघडलंत तर घरपोच येतात. स्वतःचा नाहीतर लग्नातला फोटो असलेली ‘माय स्टॅम्प’ची बारा तिकिटांची शीट गिफ्ट म्हणून हिट आहे, पण तिचा संग्रह करायचा की नाही यावर ग्रुपमध्ये आजही हमरीतुमरी होते. ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून कुणी शीटच्या शीट गळ्यात मारत असेल तर हात जोडा आणि एसआयपी करा. हल्लीची बहुतेक तिकिटं एवढी छापली जातात की त्यातून फ्लॅटचं डाउन पेमेंट व्हायचं नाही. आणि मुंबईकरांनो, पावसाळा! कोरी तिकिटं दमट हवेत एकमेकांना अशी चिकटतात की सोडवायला गेलं तर गम जातो. अल्बम उभे ठेवा, आडवे एकावर एक नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दोन आठवड्यांनी एकदा अल्बम उघडून पंख्याखाली वारा द्या. सेलोटेपचं नाव काढलंत तर सर पुन्हा दोन महिने रुसतील.

सध्या मीटिंगला वीस-बावीस डोकी असतात, त्यातली नऊ चाळिशीच्या आतली. जुलैमध्ये लोकल बंद पडल्या तेव्हा सहाच होती. वर्गाचं भाडं वाढलंय आणि वर्गणी वाढवायची का, यावर निर्णय होत नाहीये. बिस्किटाचा डबावाला तो आयटीतला मुलगा अजून परत आलेला नाही. त्याचा नंबर कुणीच घेतला नव्हता. आता दाराशी एक वही ठेवलीये. पहिल्यांदा येणाऱ्याने त्यात नाव, फोन आणि ‘घरात तिकिटं कुठे सापडली’ ते लिहायचं. आतापर्यंतची उत्तरं: आजीची ट्रंक, पोटमाळा, डिक्शनरीची पानं, एक्सच्या पत्रावर.

आणि ते सात खोके? पहिले दोन उघडून झाले. तिसरा येत्या शनिवारी, संध्याकाळी पाचला. पेन्सिलीच्या नोंदींवरून दिसतंय, की त्यात १९५० नंतरचे रेल्वे टपालाचे शिक्के आहेत, मनमाड, भुसावळ, दौंड. कुणाचे आजोबा तिकडे नोकरीला असतील तर जरूर या. क्रीम न लावता हात धुऊन यायचं. बादली आमची, टॉवेल तुमचा.